चार्ल्स ब्राऊनची 'ऑल माय लाइफ' आणि तुमच्या वडिलांचं रेकॉर्डिंग

तुमचा प्रश्न असा, की वडील आता ६८ वर्षांचे, तरुणपणी ऑर्केस्ट्रात आधी अ‍ॅकॉर्डियन आणि मग कीबोर्ड वाजवत स्वतः गायचे, मधे वीसेक वर्षं सगळं बंद, आणि रिटायर झाल्यावर कोणीतरी त्यांना चार्ल्स ब्राऊनची १९९० ची 'ऑल माय लाइफ' ऐकवली तेव्हापासून ते हट्टाला पेटलेत की मला असा एक अल्बम करायचाय. तुम्हाला कळत नाहीये की त्या माणसाने त्या वयात नक्की केलं काय, आणि ते बाबांना झेपेल का.

मी पस्तीस वर्षं पियानोवर आहे, त्यातली बारा दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये गेली, जिथे वाजवताना कोणी ऐकत नाही पण थांबलं की सगळे मान वर करून बघतात. आता पुण्यात शिकवतो आणि अधूनमधून लोकांची रेकॉर्डिंगं सांभाळतो. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुखऱ्या सुरांचं गाणं, हा जुना नाद, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माणूस कोण ते बघू, कारण आपल्याकडे ब्लूज म्हटलं की लोकांना फक्त गिटार आठवते. मेहबूब स्टुडिओत २०११ पासून ब्लूज फेस्टिव्हल व्हायला लागला तेव्हाही गर्दी बडी गायसारख्या गिटारवाल्यांसाठीच. पियानोवर बसून हळू आवाजात गाणाऱ्यांची एक अख्खी शाखा आहे आणि चार्ल्स ब्राऊन तिचा बाप माणूस. जन्म १९२२, टेक्ससमधलं टेक्सस सिटी. आई अगदी लहानपणी गेली, आजीआजोबांनी वाढवला, आजीने पियानोला बसवला तो क्लासिकलच्या धड्यांवर. पुढे हा स्वतः केमिस्ट्रीचा पदवीधर झाला आणि शाळेत केमिस्ट्री शिकवायलाही लागला. मग १९४३ च्या सुमाराला लॉस एंजेलिस. तिथे लिंकन थिएटरमध्ये हौशी कलाकारांची स्पर्धा असायची, त्यात त्याने आधी बूगी वूगी, म्हणजे जोरकस नाचरा पियानो ब्लूज, वाजवलं आणि वन्समोअर मिळाल्यावर चक्क 'वॉर्सॉ कॉन्चेर्टो' ही क्लासिकल ढंगाची रचना वाजवली. ही गोष्ट मला फार आवडते, कारण त्याच्या हातातली ती सफाई, तो मऊ टच कुठून आला ते यात दिसतं. दारूच्या गुत्त्यातल्या मोडक्या पियानोवर तयार झालेला हात नाहीये तो.

मग गिटारवाला जॉनी मूर आणि बेसवाला एडी विल्यम्स यांच्याबरोबर 'थ्री ब्लेझर्स'. तीनच माणसं, ड्रम नाही. हे 'ड्रम नाही' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९४५ मध्ये 'ड्रिफ्टिंग ब्लूज' रेकॉर्ड झालं आणि सहाएक महिने चार्टवरून हललं नाही. १९४७ ला 'मेरी ख्रिसमस बेबी'. नंतर मूरपासून वेगळा झाल्यावर १९४९ चं 'ट्रबल ब्लूज' १५ आठवडे एक नंबरवर, १९५१ चं 'ब्लॅक नाइट' १४ आठवडे. तरुण रे चार्ल्सची सुरुवातीची रेकॉर्डिंगं ऐका, पोरगा सरळसरळ नॅट किंग कोल आणि चार्ल्स ब्राऊन यांची नक्कल करतोय. सॅम कुकचं 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' ज्या गाण्यावरून आलं ते ब्राऊन आणि एमॉस मिलबर्न यांनी १९५९ मध्ये गायलेलं होतं.

तर एवढा मोठा माणूस गेला कुठे? कुठेच नाही, आवडनिवड बदलली. १९५५ च्या आसपास रॉक अँड रोल आलं, पोरांना नाचायचं होतं, आणि हा माणूस रात्री दोन वाजता रिकाम्या होत चाललेल्या क्लबमध्ये बसल्यासारखा गायचा. १९६० ला 'प्लीज कम होम फॉर ख्रिसमस' निघालं, ते आजही डिसेंबरात तिकडे वाजतं आणि १९७८ मध्ये ईगल्सनीही ते केलं, पण एक सणाचं गाणं वर्षभर घर चालवत नाही. त्यात त्याला रेसचा नाद, घोड्यांवर पैसे लावायचा. पुढची वीस-पंचवीस वर्षं छोटे क्लब, मिळेल ते काम, मधूनच एखादी रेकॉर्ड जी कोणाच्या कानावर गेली नाही.

म्हणून 'कमबॅक' या शब्दावर फार जाऊ नका, वाजवणं त्याने सोडलेलं नव्हतं. (तुमच्या वडिलांनी सोडलं होतं, हा फरक आहे आणि तो मोठा आहे, त्यावर येतो.) ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या 'ट्रॅम्प्स' क्लबात त्याचा मोठा मुक्काम झाला, त्यातून १९८६ मध्ये 'वन मोअर फॉर द रोड' निघाली. रेकॉर्ड चांगली, पण ती कंपनीच टिकली नाही, मग १९८९ मध्ये शिकागोच्या अ‍ॅलिगेटरने तीच परत काढली. तोवर हवा फिरली होती. सीडी आल्यामुळे जुनं सगळं नव्याने विकलं जायला लागलं, जॉन ली हूकरची १९८९ ची 'द हीलर' जोरात चालली, गायिका आणि गिटारवाली बॉनी रेट हिच्यावर १९९० च्या फेब्रुवारीत ग्रॅमींचा पाऊस पडला आणि त्या बाईने मोठेपणा दाखवून आपल्या दौऱ्यावर चार्ल्स ब्राऊनला बरोबर घेतलं. जे लोक तिच्यासाठी हजारोंनी यायचे त्यांनी या चमचमत्या टोपीतल्या म्हाताऱ्याला पहिल्यांदा ऐकलं. त्याच वर्षी राउंडर कंपनीत रॉन लेव्हीने 'बुल्सआय ब्लूज' नावाचं लेबल सुरू केलं आणि त्यावर 'ऑल माय लाइफ' आली. लेव्ही स्वतः बी. बी. किंगच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवलेला माणूस, म्हणजे प्रोड्यूसरला पियानोवाल्याचं दुखणं माहीत होतं. डॉ. जॉन आणि रूथ ब्राऊन पाहुणे म्हणून आले, पण पाहुण्यांनी घराचा ताबा घेतलाय असं कुठे वाटत नाही. अशा रेकॉर्ड्समध्ये हा मोह फार असतो, पंधरा मोठी नावं बोलवायची आणि बिचाऱ्या उत्सवमूर्तीला कोपऱ्यात बसवायचं.

आता मुद्द्याचं.

ती रेकॉर्ड हेडफोनवर ऐका आणि गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त ओळ संपल्यावर काय होतं ते ऐका. साध्या बारा मात्रांच्या, म्हणजे खरं तर बारा बारच्या (एक बार म्हणजे चार ठोक्यांचा तुकडा) ब्लूजमध्ये तीन ओळी असतात, एका ओळीला चार बार. पण गाणारा त्या चार बारांमधले दोन-सव्वादोनच वापरतो. उरलेली जागा उत्तराची असते, गिटारने द्यायचं, सॅक्सने द्यायचं, किंवा स्वतःच्या हाताने द्यायचं. संथ ब्लूज धरा, मिनिटाला ६० ठोके, एक बार चार सेकंदांचा, अख्खं कडवं ४८ सेकंदांचं, आणि त्यातली वीसहून जास्त सेकंद गाणारा गप्प. म्हणजे दर ओळीनंतर सात-आठ सेकंद दम घ्यायला मिळतो आणि तो दम घेतोय हे कोणाच्या लक्षातही येत नाही कारण तेवढ्यात उजवा हात वरच्या सप्तकात तीन-तीनच्या पटीत काहीतरी गोड बोलून जातो. वय झालं की गायकाचं पहिलं काय जातं तर दमसास. आवाज नंतर. आणि हा फॉर्म असा आहे की दमसास कमी झालेला ऐकू येण्याऐवजी हाताला बोलायला जास्त जागा मिळते. माझ्या मते अडुसष्टीला टेकलेला चार्ल्स ब्राऊन पन्नाशीतल्यापेक्षा चांगला वाटतो त्याचं अर्धं कारण हे आहे.

दुसरं म्हणजे हात आणि गळा एकमेकांची नक्कल करत नाहीत, आणि तुमच्या वडिलांची खरी अडचण इथे येणार आहे. आपल्याकडे पेटी, अ‍ॅकॉर्डियन, कीबोर्ड सगळं शिकताना सवय एकच लागते, जे गातोय तेच बोटांनी वाजवायचं. पेटी गळ्याच्या मागे मागे जाते. ऑर्केस्ट्रात तर मेलडी हातात ठेवावीच लागते कारण गायक भरकटला तर कोणीतरी धरायला हवा. ब्राऊनचा हात असं करत नाही, तो गळा चालू असताना जवळजवळ काहीच करत नाही, एखादा मऊ कॉर्ड ठेवतो, बस. शिवाय गळा मुद्दाम उशिरा येतो. शब्द ठोक्यावर न पडता जरा रेलून, पाय ओढत पडतात, आणि हात मात्र बरोब्बर लयीत. एकाच माणसाच्या अंगात दोन घड्याळं. ठुमरी गाणारेही शब्द रेंगाळत ठेवून समेवर बरोबर येतात, पण तिथे लय धरायला तबलजी बसलेला असतो, इथे लय धरणारा आणि रेंगाळणारा एकच आहे. मला हे यायला सहा वर्षं लागली आणि अजूनही थकलो असलो की सुटतं.

डावा हात तर बघाच. बूगी वूगीत डावा हात इंजिनासारखा चालतो, इथे तो जवळपास सुट्टीवर. कारण बेस वाजवायला माणूस आहे, मग त्याच्या अंगावर कशाला पडायचं? कॉर्डमधले तिसरा आणि सातवा स्वर ठेवले की काम झालं, वरून नववा, तेरावा स्वर लावला की तो धुरकट रंग येतो. आणि कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर जी घसरण आहे, दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकदमच दाबल्यासारखी, ती सगळीकडे आहे, आणि ती जोरात दाबली की स्वस्त वाटते. तो ती इतकी हलकी ठेवतो की वाटतं चुकून लागली.

आता ते 'ड्रम नाही'. थ्री ब्लेझर्समध्ये ड्रम नव्हता म्हणून त्याचं गाणं लहान आवाजात वाढलं, माइकच्या जवळ, कुजबुजल्यासारखं. त्या वर्षांतल्या त्याच्या बँडमध्ये ड्रम आहे, टेनर सॅक्सवर क्लिफर्ड सॉलोमन आहे, गिटारवर डॅनी कॅरॉन, पण सगळे त्या जुन्या तिघांच्या मापाने वाजवतायत. कॅरॉन जे करतो ते म्हणजे जॉनी मूरची खुर्ची सांभाळणं, नवीन काही सिद्ध करायला तो आलेला नाही. मला विचाराल तर रेकॉर्डचा अर्धा मान त्याला द्यायला पाहिजे. म्हाताऱ्या गायकामागे तरुण गिटारवाला उभा केला की नव्वद टक्के वेळा तो दुसऱ्याच कडव्यात आपला हिशोब उघडतो.

माझी एक चूक सांगतो म्हणजे तुम्ही ती करणार नाही. काही वर्षांपूर्वी सत्तरी पार केलेल्या एका गृहस्थांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. आयुष्यभर स्वतःच वाजवत गायलेले. मी हुशारी केली, आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या यांत्रिक ठोक्यांवर) अख्खा ट्रॅक बांधला, पियानोही मीच वाजवला, मस्त वाजवला, आणि मग त्यांना हेडफोन घालून काचेच्या पलीकडे उभं केलं. सुरात गायले, तालात गायले, आणि गाणं मेलेलं. दर ओळीनंतर ते नुसते थांबायचे, ट्रॅक पुढे येण्याची वाट बघत, आणि त्या जागेत त्यांची बोटं समोरच्या स्टँडवर हलत होती. मी काचेतून ते बघत होतो, दोन दिवस बघत होतो, आणि तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. सीडी निघाली, नातेवाइकांत वाटली गेली. त्यांनी स्वतः ती परत कधी लावली नाही असं त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं.

तर मायनस ट्रॅक, म्हणजे गाणं वगळून आधीच तयार केलेली साथ, नको. हे पहिलं आणि जवळजवळ शेवटचं. बाबांनी वाजवत गायचं, एकाच वेळी, आणि बेसवाला त्याच खोलीत बसलेला हवा. गळ्याचा माइक पियानोचा आवाज ओढेल, इंजिनिअर कुरकुर करेल की मग मला सूर दुरुस्त करता येणार नाही, तर करू नका म्हणावं, त्याचसाठी करतोय. डिजिटल पियानो घेतलात तर हा प्रश्न निम्मा सुटतो, कारण आवाज थेट वायरीने जातो. पण पट्ट्या वजनदार हव्यात, ऑर्केस्ट्राचा जुना हलका कीबोर्ड काढू नका, त्यावर हळू वाजवताच येत नाही, आणि इथे सगळा खेळ हळू वाजवण्याचा आहे.

पट्टी उतरवा. यावर घरात भांडण होईल, प्रत्येक गायकाला आपली तिशीतली पट्टी म्हणजे आपली इज्जत वाटते. पूर्वी काळी दोनमध्ये गात असतील तर आता पांढरी एक, कदाचित त्याखालीही. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं ते खुशाल वापरू देत, दोन-तीन स्वरांनी काही बिघडत नाही, बोटांना जुन्या जागा मिळाल्या की निम्मी भीती जाते.

वीस वर्षांच्या गॅपबद्दल. गळा अंदाजे तीन-चार महिन्यांत वाटेवर येतो, रोज वीस मिनिटं, जास्त नाही. बोटांचं मात्र सांगता येत नाही, चौथं-पाचवं बोट या वयात हट्टी होतं, सकाळी हात आखडत असेल तर संध्याकाळी बसवा. दुखलं तर थांबायचं, तिथे मर्दुमकी नको. आणि एकदम अल्बमचं बोलू नका. ब्राऊनसुद्धा क्लबात महिनोन्महिने रोज वाजवून मग १९८६ च्या रेकॉर्डिंगला बसला होता, 'ऑल माय लाइफ' त्याच्या नंतर चार वर्षांनी. महिन्यातून एकदा घरी पंधरा माणसं बोलवा, बाबांना अर्धा तास गाऊ द्या. माणसांसमोर वाजवण्याचा सराव खोलीत एकटं बसून होत नाही.

गाणी कोणती, तर ब्लूजच पाहिजे असं मुळीच नाही. ऑर्केस्ट्रातली त्यांची आवडती चार-पाच संथ गाणी घ्या आणि ओळीनंतर जागा सोडून बघा. काही गाण्यांत जागाच नसते, शब्द एकमेकांना खेटून बसलेले असतात, ती सोडून द्या. दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करून बाहेर काढायची तर हक्काची परवानगी लागते, ती आधी बघा, नंतर नाही. स्वतःच्या चाली असतील तर आयपीआरएसमध्ये (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद होऊन त्या नोंदवा. हे मी उगाच सांगत नाहीये. थ्री ब्लेझर्सच्या रेकॉर्डवर मोठं नाव जॉनी मूरचं असायचं, गाणारा ब्राऊन पगारी माणूस होता. 'मेरी ख्रिसमस बेबी'त आपला हात होता असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला, पण कागदावर नावं आहेत लू बॅक्स्टर आणि जॉनी मूर यांची. ते गाणं एल्विसनेही गायलं, ओटिस रेडिंगनेही. हिशोब तुम्हीच करा.

ब्राऊनला 'ऑल माय लाइफ'नंतर अजून आठ-नऊ वर्षं मिळाली, आणि भरभरून मिळाली. १९९२ च्या 'समवन टू लव्ह'वर बॉनी रेट पाहुणी म्हणून आली, मग व्हर्व्हसारख्या मोठ्या लेबलवर रेकॉर्ड्स, १९९७ मध्ये तिकडचा नॅशनल हेरिटेज फेलोशिपचा मान. जानेवारी १९९९ मध्ये ओकलंडला वारला, आणि दोनच महिन्यांनी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. ज्या रॉक अँड रोलने त्याला घरी बसवलं त्याच्याच दिवाणखान्यात फोटो, त्यावर मला काही बोलायचं नाही.

तुम्ही आता एवढंच करा. येत्या रविवारी बाबांना एक संथ गाणं वाजवत गायला सांगा, फोन पियानोच्या बाजूला असा ठेवा की हात दिसतील, आणि व्हिडिओ घ्या. त्यांना काही सुचवू नका. मग बघा, गळा चालू असताना उजवा हात तीच चाल वाजवतोय का, आणि ओळ संपली की तो काय करतो, थांबतो की काहीतरी बोलतो. मला कळवा. बेसवाला शोधायचा की अजून सहा महिने नुसतं बसायचं ते त्यावर ठरवू.